मोन्दो काने पाहिला अन् डोकं फिरलं, याला डॉक्युमेंटरी म्हणायचं का?

तर्री_पोहे
मंडळी नागपूरवरून लिहून राहिलो. काल रात्री मोन्दो काने पाहिला, १९६२ चा इटालियन, याकोपेत्ती, कावारा अन् प्रॉस्पेरी या तिघांचा. दोस्त म्हणे डॉक्युमेंटरी आहे, जगभरातल्या चालीरीती दाखवल्या आहेत. सुरुवातीलाच ठासून सांगतात का यातलं सगळं खरं. मग पॅसाडेनातलं पाळीव कुत्र्यांचं स्मशान येते, लोकं रडून राहिले, अन् लगेच कट मारून तैवानातलं कुत्र्याचं मटण. मी हसलो बे, अन् मग स्वतःचीच लाज वाटली. हे खरं समजायचं का? अन् फाउंड फूटेजवाले पिक्चर, म्हणजे कोणाची तरी सापडलेली रिळं आहेत असं भासवणारे, यातूनच निघाले म्हणतात, ते कसं काय?

जुनी_रीळ
लाज वाटली म्हणजे सिनेमा नीट पाहिलास. तो कटच त्यांचा खरा धंदा. दोन्ही दृश्यं वेगवेगळी दाखवली असती तर काहीच वाटलं नसतं, शेजारी ठेवली की टोमणा तयार होतो, आणि वरून तो शांत, थोडा कुत्सित निवेदक. बिकिनी बेटावरचं ते कासव आठवतं? अणुचाचण्यांमुळे त्याची दिशा चुकली, म्हणून ते समुद्राकडे न जाता आत वाळूत जातं, असं निवेदक सांगतो. कासवाला विचारलं कोणी? आपण मात्र हळहळतो. पुढच्याच वर्षी, १९६३ ला, दुसरा भाग आला. त्यात भिक्खू स्वतःला जाळून घेतो तो प्रसंग चक्क बनवलेला होता, आणि त्याच वर्षी सायगावमध्ये थिच क्वांग डुक यांनी खरोखर आत्मदहन केलं होतं. नंतर तर 'मोन्दो' हे या असल्या सिनेमांच्या अख्ख्या जातीचंच नाव झालं.

रेडिओ_सदर
गाण्याबद्दल कोणीच काऊन नाही बोलत? रिझ ओर्तोलानी आणि नीनो ओलिव्हिएरोचं संगीत आहे, त्यातल्या 'मोर' (इंग्रजीतलं More) या गाण्याला ऑस्करचं नामांकन होतं, आपल्या लग्नात बँडवाले वाजवतील इतकं गोड. पडद्यावर घाण अन् कानात मध.
आता फाउंड फूटेजचं. याच ओर्तोलानीनं १९८० च्या कॅनिबल होलोकॉस्टला संगीत दिलं, तिथंही तसंच गोड. त्याचा दिग्दर्शक रुज्जेरो देओदातो. त्याची गोष्ट अशी का एक डॉक्युमेंटरीवाली टीम जंगलात गायब होते, मागाहून त्यांची रिळं सापडतात, अन् त्यात दिसते का चांगला शॉट मिळावा म्हणून यांनीच गावाला आग लावली. म्हणजे मोन्दोवाल्यांनाच मारलेली चपराक. पण लोकांना इतकं खरं वाटलं का देओदातोवर केस झाली, नट जिवंत आहेत हे दाखवावं लागलं त्याला. आणि त्यात जनावरं मात्र खरोखर मारली होती, ते मला आजही माफ करवत नाही. १९९९ चा ब्लेअर विच याच रस्त्यानं आला, फक्त रक्त कमी.

इतवारीवाला
हे मोन्दोवाले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात आले असते तर काय केलं असतं सांगू? काळी अन् पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघते, लोकं 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडतात, हे दाखवलं असतं. मग पुतळा जळताना क्लोजअप, निवेदक म्हणणार इथं बाईचा पुतळा जाळतात, अन् कट थेट रोमच्या ब्युटी पार्लरमधे. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची राणी बांकाबाई असं म्हणतात, अन् बडग्यांवर (सोबतच्या पुरुषी पुतळ्यांवर) महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची खेचतात, हे गाळून टाकलं असतं. खोटा एकही शॉट नाही अन् तरी पूर्ण खोटं.

जुनी_रीळ
हेच. आणि त्या तिघांतल्या कावारालाही हे खटकलं असावं. १९६७ मध्ये त्यानं वेगळा सिनेमा काढला, लोक्यो सेल्वाज्जो, त्यात सनसनाटी शॉटसाठी कुठल्याही थराला जाणारा डॉक्युमेंटरीवाला आहे. मोन्दो कानेच्या आधी तो पाहू नका, मजा जाईल.

तर्री_पोहे
कावाराचा शोधतो. इतवारीवाल्या भाऊ, तुमचं वाचून मोबाईलमधला माझा मागच्या वर्षीचा मारबतचा व्हिडिओ काढून पाहिला. ४ मिनिटं नुसती आग आहे, अन् वर मी स्वतः गाणं चिकटवलेलं.

रेडिओ_सदर
कोणतं गाणं बे?