एअर पिस्टल: नवशिक्या मुलीकडून आधी काय करून घ्यावे?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

माझी तेरा वर्षांची भाची १० मीटर एअर पिस्टल शिकू लागली आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांना मिळालेले कांस्यपदक आणि नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेत शिकलेले स्वप्नील कुसाळे यांचे रायफलमधले पदक, या दोन्हींमुळे तिने हट्ट धरला. पहिल्या आठवड्यात तिचे बहुतेक छर्रे काळ्या वर्तुळाच्या खाली डावीकडे गेले आणि ती फार हिरमुसली. मी एनसीसीत रायफल चालवली आहे, पिस्टल कधीच नाही. रेंजवर मी सोबत असतो, तेव्हा तिच्याकडून कशाचा सराव करून घ्यावा?

उत्तर १

ती उजव्या हाताने नेम धरत असेल, तर खाली डावीकडे जाणारे छर्रे बहुधा ट्रिगर झटक्याने ओढल्याचे लक्षण असते. काही दिवस छर्रे बाजूला ठेवून प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव, करू द्या, आणि समोर वर्तुळाऐवजी कोरा पांढरा कागद लावा, म्हणजे गुणांची धास्ती उरत नाही. त्याआधी मात्र नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने ठेवणे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवणे आणि पिस्टल खाली ठेवताना ते रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करणे, या सवयी अंगवळणी पडायलाच हव्यात. त्यात एकदाही सूट देऊ नका.

उत्तर २

तिला नजर कुठे ठेवायची हे समजावून सांगा, कारण नवशिके हमखास लक्ष्याकडे पाहतात. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेमखूण, स्वच्छ दिसली पाहिजे आणि काळे वर्तुळ धूसर दिसले तरी चालते. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर साधारण ३६ सेंटिमीटर धरले, तर फ्रंट साइट मागच्या साइटच्या खाचेत केवळ १ मिलिमीटर सरकल्याने छर्रा १० मीटरवर सुमारे २८ मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे दहाऐवजी सात गुण मिळतात. याउलट साइट जुळलेल्या असताना अख्खा हात थोडा हलला, तर छर्रा जवळजवळ हात हलला तेवढाच सरकतो. हाताचे डोलणे कोणाचेही पूर्ण थांबत नाही, म्हणून ते थांबण्याची वाट न पाहता बोटाचा दाब हळूहळू वाढवत न्यावा आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवावा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. दहा-बारा वेळा उचलल्यावर तिचा हात थरथरतो. दुसऱ्या हाताचा आधार घेऊ द्यावा का?

उत्तर १

स्पर्धेत पिस्टल एकाच हाताने धरावे लागते, त्यामुळे दोन हातांची सवय लावू नका. सुरुवातीला टेकू देता येतो. मात्र थरथर सुरू होताच त्या दिवसाचा सराव थांबवावा, कारण थकलेला हात चुकीचाच धडा गिरवतो. आणखी एक, छर्रे शिशाचे असतात, तेव्हा रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याखेरीज तिला काही खाऊ देऊ नका.