विषयाबद्दल आस्था नसताना त्याचा अभ्यासक्रम रचता येतो का?

प्रश्न

नमस्कार. मी चार वर्षांपासून इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम रचणारी, म्हणून काम करते. विमा, अग्निसुरक्षा, बँकेची केवायसी असे विषय हाताळताना विषयतज्ज्ञांच्या स्लाइडवरून स्टोरीबोर्ड (प्रत्येक स्क्रीनचा लेखी आराखडा) लिहिणे मला कधी जड गेले नाही. सध्या आशाताईंसाठी, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांसाठी, बालकांच्या जुलाबांवरील मोबाइल मॉड्यूल माझ्याकडे आहे. आमच्या प्रकल्पप्रमुखांच्या मते आपले कौशल्य शिकवण्याच्या पद्धतीत आहे, आशयाची जबाबदारी डॉक्टरांची आहे, त्यामुळे विषयात फार खोल शिरण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी मॉड्यूल मंजूरही केले आहे, तरीही वाचताना ते मला निर्जीव वाटते. या कामात विषयाबद्दल मनापासून आस्था असणे खरोखर आवश्यक आहे का?

पहिला प्रतिसाद

आवश्यक आहे, आणि तुमच्याच विषयावरून ते दाखवता येईल. जलसंजीवनीत, म्हणजे ओआरएसमध्ये, साखर कशासाठी असते, हे तुमच्या मॉड्यूलमध्ये आहे का? ती चवीसाठी असते असाच बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि मिठातील सोडियम एकत्रच आत ओढून घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. जुलाब सुरू असतानाही ही वाट बहुधा शाबूत राहते, म्हणून तर हा उपाय चालतो. मात्र साखर प्रमाणाबाहेर गेली तर तीच आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये मिश्रणाची तीव्रता (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) लिटरमागे 311 वरून 245 मिलिऑस्मोलपर्यंत खाली आणली, तेव्हा मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले.

हे ज्याला ठाऊक आहे, तो ‘एक लिटर पाण्यात किती चमचे साखर?’ एवढाच प्रश्न विचारून थांबणार नाही. सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे उत्तर पाठ करून कोणीही देईल. तो असा प्रसंग रचेल, की बाळ पीत नाही म्हणून आजी दोन चमचे साखर वरून घालायला निघाली आहे. अशा वेळी आशाताईने तिला काय सांगावे?

दुसरा प्रतिसाद

मी थोडा वेगळा विचार मांडतो. विषय माहीत नसणे ही आपली एक मोठी सोय आहे, कारण शिकणाऱ्याच्या जागी उभे राहून भाबडे प्रश्न आपणच विचारू शकतो. विषयतज्ज्ञाला अनेक गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की त्या सांगायला हव्यात हेही त्याच्या लक्षात येत नाही. विषयाच्या फार प्रेमात पडलेल्या डिझायनरने दहा मिनिटांच्या मॉड्यूलमध्ये चाळीस स्क्रीन कोंबलेल्याही मी पाहिल्या आहेत.

तिसरा प्रतिसाद

आपला मुद्दा योग्य आहे, परंतु भाबडा प्रश्न विचारण्यासाठीसुद्धा उत्तराची ओढ लागते. ज्याला विषयाशी देणेघेणे नाही, तो ‘प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस द्या’ हे वाक्य जसेच्या तसे उचलतो. ज्याला आहे, तो डॉक्टरांना विचारतो, की आया मग ते मध्येच बंद का करतात? तेव्हा कळते, की ओआरएसने जुलाब थांबतील अशी आईची अपेक्षा असते. ते शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढते, जुलाब लगेच थांबवत नाही, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. झिंकच्या गोळ्यांचेही तसेच: जुलाब थांबले तरी त्या 14 दिवस द्यायच्या असतात.

1971 मध्ये बांगलादेश युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती सोपवले. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आले. औषध साधेच होते; ते सामान्य माणसाला नीट पाजता येणे यावर सारे अवलंबून होते. आपण ज्याला आशय आणि पद्धत असे वेगळे करतो, ते तिथे एकच होते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल औषधाच्या दुकानातून ओआरएसची पाकिटे आणून मी स्वतः द्रावण करून पाहिले. दुकानदाराने दोन आकारांची पाकिटे पुढे ठेवली: एक लिटरभर पाण्याचे आणि दुसरे 200 मिलिलिटरचे. आमच्या स्क्रीनवर नुसते ‘एक पाकीट, एक लिटर’ असे लिहिले आहे. शिवाय चित्रात तांब्या दाखवला आहे. घरातला तांब्या बाटलीने मोजला तर त्यात जेमतेम पाऊण लिटर पाणी मावले, म्हणजे मोठे पाकीट त्यात घातले तर द्रावण बाळाला जास्त तीव्र होईल. चार महिने ही स्क्रीन माझ्या डोळ्यांसमोर होती.

आज डॉक्टरांशी बोलून ते चित्र काढून टाकले. आता पहिल्याच प्रसंगात आशाताई पाकिटावरचा पाण्याचा आकडा आईला मोठ्याने वाचून दाखवते, मग पाण्याच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटलीने त्यांच्याच घरातले भांडे मोजते आणि पाणी जिथवर येते तिथे खूण करते. उरलेले द्रावण 24 तासांनंतर टाकून द्यायचे, हेही त्याच भांड्यापाशी सांगते. साखरेचा आणि आजीचा प्रसंग उद्या लिहायला घेणार आहे.