पाण्यात फुगणारी खेळणी आणून मोजमाप शिकवायचंय, काय घेऊ? (बजेट ४००)

खानापूरची_बाई
नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. मुलं ३२. पाण्यात टाकली की फुगतात ती खेळणी आणून मुलांकडून रोज लांबी, वजन, घनफळ मोजून घ्यायचं, तक्ता करायचा, असं मनात आहे. शाळेत पट्ट्या, १०० मिलीचं एक मोजपात्र आणि १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा आहे. खर्च ४०० रुपयांच्या आत, माझ्याच पर्समधून. बारके मणी घेऊ की डायनासोर, मगर वगैरे प्राणी? कुणी वर्गात वापरलंय का?

निपाणीकर_७७
मणीच घ्या बाई. पोरीच्या वाढदिवसाला सजावटीसाठी गणपत गल्लीतून आणले होते. मोहरीपेक्षा जरा मोठा मणी रात्रीत गोटीएवढा होतो. दोन पाकिटांत अर्धी बादली भरली. आमच्याकडं अजून एक पाकीट शिल्लक आहे.

शहापूर_काटा
१ ग्रॅमच्या काट्यावर सुका मणी शून्यच दाखवणार. सोनाराकडं असतो तसा ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा घ्या. मी ११०० ला घेतला, चार वर्षं झाली, एकदा दगा दिला नाही. सोबत डिजिटल व्हर्निअर घेतलात तर मण्याचा व्याससुद्धा मोजता येईल.

खानापूरची_बाई
बजेट ४०० आहे ओ भाऊ.

शहापूर_काटा
एकदाच घ्यायची वस्तू आहे की. एसडीएमसीला, म्हणजे शाळेच्या समितीला सांगा.

निवृत्त_गुरुजी
काटा नको. ५० सुके मणी एकत्र ठेवा, येईल त्याला ५० ने भागा. आणि बाई, मुलांसमोर वजन म्हणू नका, ग्रॅममध्ये मोजतो ते वस्तुमान. माझं विचाराल तर खेळणी कशाला? हरभरे भिजवा. १०० ग्रॅम हरभरे सकाळी दोनशेच्या आसपास भरतात. ३१ वर्षं तेच करून घेतलं.

चिकोडी_पालक
प्राणी तर अजिबात घेऊ नका, शुद्ध फसवणूक. पाकिटावर सहापट वाढतो असं लिहिलेलं. आमचा ५ सेंटीमीटरचा डायनासोर तीन दिवसांनी ९ सेंटीमीटर. दुप्पटसुद्धा नाही. पोरगं रडलं.

टिळकवाडी_रसायन
@चिकोडी_पालक, तुम्ही लांबी मोजलीत, वजन केलंत का? ५ चा ९ म्हणजे १.८ पट. खरं तो लांबीत वाढला तसाच रुंदीत आणि जाडीतही वाढला. १.८ गुणिले १.८ गुणिले १.८ करा, ५.८ येतं. म्हणजे घनफळ जवळजवळ सहापटच झालं. बाई, तुमचा अख्खा धडा यात आहे. मण्याचंही तसंच, व्यास पाचपट झाला तर घनफळ १२५ पट.

चिकोडी_पालक
पाकिटावर ६०० टक्के वाढ होतं. ६०० टक्के वाढ म्हणजे सातपट व्हायला पाहिजे.

निवृत्त_गुरुजी
बरोबर. मूळचं १०० आणि वाढ ६००, मिळून ७००.

निपाणीकर_७७
दुकानदार एवढा हिशोब करून छापतो होय? मणी घ्या बाई, मणी.

अथणी_द्राक्ष
पाणी कुठलं वापरणार ते आधी बघा. बागेत मुळाशी घालायला हायड्रोजेल, म्हणजे तसलंच पाणी धरून फुगणारं, आणलं होतं. आमच्या बोअरच्या पाण्यात जेमतेम फुगलं, पावसाचं पाणी धरून टाकलं तर भांडं भरलं. आमचं बोअर इतकं जड की डाळ शिजत नाही. यंदा पाऊसही

अथणी_द्राक्ष
अर्धंच गेलं. यंदा पाऊसही उशिरा आहे म्हणत होतो.

टिळकवाडी_रसायन
अथणीकर बरोबर बोलले. या खेळण्यांत लांब साखळ्यांचा पदार्थ असतो. पाणी आत ओढून घेऊन साखळ्या एकमेकींपासून लांब सरकतात. क्षार किंवा मीठ असलं की हा जोर कमी पडतो. डायपरमधली पूड सोडियम पॉलिअॅक्रिलेटची असते. शुद्ध पाण्यात ती स्वतःच्या शेकडो पट पाणी धरते, मिठाच्या पाण्यात खूपच कमी. एक डायपर फाडा, काम झालं. खेळणी नकोतच.

हुक्केरी_सिस्टर
बाई, मणी शाळेत आणू नका. माझ्या बहिणीच्या नातवानं एक गिळला होता. असा मणी आतड्यात जाऊन फुगतो आणि वाट अडवतो, आणि एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. उलट्या सुरू होईपर्यंत घरात कुणाला पत्ता नव्हता. ऑपरेशन करावं लागलं. तुमच्या आवारात अंगणवाडी आहे का?

खानापूरची_बाई
आहे. भिंतीला भिंत लागून.

हुक्केरी_सिस्टर
मग नकोच.

निपाणीकर_७७
आमच्याकडं तर काही झालं नाही. हां, लहान पोरं असतील तर सांभाळून.

शहापूर_काटा
काटा मात्र लागेलच.

निवृत्त_गुरुजी
हरभरा गिळला तरी चालतो.

खानापूरची_बाई
सगळ्यांचे आभार. मी प्राणीच आणले. ८ नग, ३० ला एक, २४० झाले. काटा घेतला नाही. गुरुजी, हरभरे दरवर्षी करते, पण ते दुप्पट होतात हे मुलांना घरूनच माहीत असतं. पाकिटावरचा आकडा खरा की खोटा हे मात्र त्यांना स्वतः ठरवायचंय, सोमवारपासून भांडताहेत. चिकोडीच्या भाऊंची तक्रार मी वर्गात वाचून दाखवली. मणी नाहीत. प्राणी मोठे असले तरी तुकडा पडू शकतो, म्हणून मोजून देते, मोजून परत घेते, बरण्या कुलपात. संपल्यावर मोरीत न टाकता कचऱ्यात.

चार-चार मुलांचे गट. आठही सुके प्राणी एकत्र ४८ ग्रॅम, म्हणजे एक ६ ग्रॅमचा. तीन पावसाच्या पाण्यात, तीन बोअरच्या, दोन मिठाच्या. रोज दुपारी ३ वाजता बाहेर काढायचे, फडक्यानं टिपायचे, मगच काट्यावर. पहिल्या दिवशी एका गटानं टिपलंच नाही, त्यांचे ४ ग्रॅम जास्त आले. शेपटी वाकडी, म्हणून दोरा लावून लांबी. तिघांनी मोजायचं आणि सरासरी घ्यायची.

निवृत्त_गुरुजी
प्राणी मोजपात्रात मावत नसेल. पातेलं काठोकाठ भरा, प्राणी बुडवा, परातीत सांडेल ते पाणी मोजपात्रात ओता. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत.

खानापूरची_बाई
तसंच केलं गुरुजी, मोठ्या पातेल्यात. आज ७२ तास झाले. पावसाच्या पाण्यातले सरासरी ३१ ग्रॅम, बोअरचे २६, मिठाचे १४. पावसाच्या पाण्यातला डायनासोर ५ चा ८.७ सेंटीमीटर. १.७४ तीनदा गुणून ५.३ येतं, वजन ५.२ पट. मुलांनी फळ्यावर "पाचपट, सहापट नाही" असं लिहिलंय. एक मुलगी म्हणते अजून वाढतोय, पाणी बदलून आणखी दोन दिवस ठेवूया. ठेवलेत.