गंगापूर धरणावर पहिलं उड्डाण? जरा थांबा

नवा ड्रोन घेऊन पहिल्यांदाच थेट गंगापूर धरणावर जाऊ का, असं तुम्ही विचारलंय. उत्साह समजतो, पण सुरुवात पाण्यावर नकोच. ड्रोनच्या पोटाखालचे कॅमेरे जमिनीवरच्या खुणा धरून त्याला जागेवर ठेवतात. हलत्या पाण्यावर त्यांची गफलत होते आणि ड्रोन सरकू लागतो.

आधी मोकळं माळरान गाठा. सराव एकच: ड्रोनचं तोंड स्वतःकडे करून हवेत चौकोन काढा. तेव्हा रिमोटवरची काडी उजवीकडे ढकलली की ड्रोन तुमच्या डावीकडे जातो. घाईत बोटं नेमकी इथेच चुकतात. हे अंगवळणी पडेपर्यंत व्हिडिओचा विचारसुद्धा नको.

जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा बघाच. आपल्याकडे नाशकात ओझरचा विमानतळ, गांधीनगरचा लष्करी हवाई तळ, देवळालीचा तोफखाना, सगळं जवळजवळ आहे. नकाशावरच्या लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, हिरव्यातही सर्वसाधारण मर्यादा ४०० फुटांची. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण म्हणून लाल क्षेत्र खुलं होत नाही. अंजनेरीच्या डोंगरावर तर ड्रोन कृपया नेऊच नका, तिथल्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात.

आणि वारा असेल तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे बॅटरी उतरलेली असताना परतीला वारा पाठीशी मिळेल. उलटं केलंत तर घरी परतायला बॅटरी पुरेलच असं नाही.