पहिल्या सेमिस्टरला किती ओझं उचलायचं? जळगाव-धुळे-नंदुरबारवाले, बोला

चोपडेकर:
भाच्याला यंदा जळगावला बीएस्सीला प्रवेश मिळाला. पोरगा अजून वर्गात बसलेला नाही, तोवर बेत तयार: दिवसभर कॉलेज, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचा क्लास, 'स्वयम'वर (सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर) एक कोर्स आणि वरून मुक्त विद्यापीठातून बीए. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, हे त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं. अरे, परवानगी आहे म्हणून करायलाच पाहिजे का?

हिशेब बघा. नव्या शैक्षणिक धोरणात सेमला २० ते २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजायचं माप. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. २२ मधले ८ प्रॅक्टिकलचे धरले आणि सेम १५ आठवड्यांचं, तर आठवड्याला ३० तास नुसते वर्गात आणि लॅबमध्ये जातात. जर्नल (प्रॅक्टिकलची वही), असाइनमेंट, इंटर्नल (कॉलेजातली परीक्षा) वेगळंच. चोपडा ते जळगाव एसटीने जायला दीड तास, यायला दीड तास, तेही गाडीत शिरायला मिळालं तर. माझं मत: पहिल्या सेमला कॉलेज देईल तेवढंच. बाकी सगळं जानेवारीनंतर.

अमळनेर पॅसेंजर:
काका, पोराला इतकं तळहाताच्या फोडासारखं जपू नका. तिसऱ्या वर्षाला जाग आलेली पोरं बघायची असतील तर जळगावच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. पदवी हातात, वय पुढे, आणि आता कुठे इतिहासाचं पहिलं पुस्तक उघडलंय. मी कॉलेज करून गाडीत बसल्या बसल्या चालू घडामोडी वाचायचो. सवय पहिल्याच वर्षी लागते, नंतर नाही. बीएचं सोडा, ते मलाही पटत नाही. पण क्लास थांबवू नका.

चोपडेकर:
गाडीत बसून वाचायला आधी बसायला जागा लागते हो.

फळा-खडू (धुळे):
शिकवतो म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, पहिल्या सेमला पोरं मुख्य विषयात कमी अडकतात, दोन क्रेडिटच्या छोट्या पेपरांत जास्त. भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, भाषेचा पेपर. 'त्यात काय वाचायचं' म्हणत इंटर्नलला जात नाहीत आणि एटीकेटी (नापास पेपर मागे ठेवून पुढच्या वर्गात) घेऊन येतात. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपण निवडायचा पेपर, दुसऱ्या शाखेतलाच घ्यावा लागतो, तोही मित्राने घेतला म्हणून घेतात. विज्ञानाचा पोरगा कॉमर्सचा पेपर निवडतो आणि जर्नल एंट्री (हिशेबाची नोंद) आली की तोंड पाडून बसतो.

दुसरं, 'स्वयम'चा कोर्स ओझंच असतो असं नाही. कॉलेजने मान्यता दिली तर त्याचे क्रेडिट ठरलेल्या पेपरच्या जागी धरता येतात, यूजीसीच्या नियमात सेमच्या ४० टक्क्यांपर्यंत. भाचा तो पेपरच्या जागी घेतोय की वरून, हे आधी विचारा. वरून घेत असेल तर मी तुमच्या बाजूने.

यावलची पोरगी:
सगळे काका लोक बोलताहेत म्हणून बोलते. 'पुढच्या सेमला बघू' हे वाक्य पोरांना परवडतं. आमच्याकडे बारावीनंतर घरी कॉलेजला हो म्हणतात ते तीन वर्षांच्या बोलीवर. तिसऱ्या वर्षाला स्थळं यायला लागतात, आणि दुसऱ्या वर्षी कुणी चांगलं आलं तर तेवढीही थांबत नाहीत. मी पहिल्याच सेमला कॉलेजसोबत टॅली (कॉम्प्युटरवरचा हिशेब) आणि टायपिंग दोन्ही लावलं. मार्क कमी पडले, हो. पण आज माझ्या हाताला काम आहे, आणि ते काम आहे म्हणून घरचे लग्नाचं जरा सबुरीने घेताहेत. 'झेपेल तेवढंच घ्या' म्हणताना, कुणाला किती वेळ दिलाय तेही विचारा.

चोपडेकर:
ताई, तुझ्या बाबतीत माझं म्हणणं मागे. भाच्याच्या बाबतीत नाही. त्याला कुणी घाई करत नाहीये, तोच स्वतःला करतोय.

कपाशीवाला, पारोळा:
भाऊ, तुमनं खरं शे, पन घरनी परिस्थिती कोन देखस? तुम्ही तास मोजले ते कॉलेजचे. सेमचा शेवट आणि कापूस वेचणी एकाच टायमाला येते. दिवाळीच्या पुढेमागे मजूर मिळत नाही, ढग आले की बाप फोन करतो, आणि पोरगा सबमिशन सोडून शेतात. माझ्या पोराचं जर्नल तसंच राहिलं होतं, अर्धी पानं सहीविना. जूनमध्ये भरलेला क्लास ऑक्टोबरात कोण करणार? फी मात्र क्लासवाला परत देत नाही.

अमळनेर पॅसेंजर:
हे पटलं. मग क्लासची फी एकदम भरू नका, महिन्याच्या बोलीवर बघा. पण एक गोष्ट खरंच पुढे ढकलता येत नाही: एनसीसी. 'सी' सर्टिफिकेटला तीन वर्षं लागतात. पहिल्या वर्षी नाव नाही घातलं तर पदवी संपते आणि सर्टिफिकेट राहून जातं. पोलीस भरती, सैन्य डोक्यात असेल तर हे आधी, क्लास नंतर. आणि जिथे को-करिक्युलरच्या (अभ्यासाला पूरक उपक्रमांच्या) क्रेडिटमध्ये एनसीसी धरतात, तिथे ती वरचं ओझं नाहीच.

चोपडेकर:
हे त्याच्या यादीत नव्हतंच. म्हणजे जे आत्ताच करायला हवं ते सोडून बाकी सगळं लिहिलंय पठ्ठ्याने! पण परेड सकाळी असली तर चोपड्याहून पहिली गाडी पकडूनही वेळेत पोचणार नाही. होस्टेल किंवा खोली बघावी लागेल, आणि मग खोलीभाड्यात क्लासचे पैसे गेलेच.

फळा-खडू (धुळे):
बरं झालं. भरती प्रवेशानंतर लगेच होते, जागा मोजक्या असतात, धावायला लावतात. नोटीस लागण्याची वाट बघू नका, उद्याच कॉलेजात एनसीसीच्या सरांना गाठायला सांगा.

यावलची पोरगी:
आणि काका, बीएचा अर्ज त्याने भरलाय का ते आधी बघा. आमच्या वर्गातल्या एकाने कुणाला न सांगता भरला होता.

चोपडेकर:
विचारलं. भरलाय.