कोल्हापुरात आधी गिऱ्हाईक, मग फंडिंग

फंडिंगवाले पुण्या-मुंबईत बसतात म्हणून कोल्हापुरात स्टार्टअप कम्युनिटी होणार नाही, हे काय पटत नाही बुवा. पुण्यात 2008 ला ओपन कॉफी क्लब, म्हणजे स्टार्टअपवाल्यांचा भेटीगाठीचा ग्रुप, सुरू झाला तेव्हा तिथं तरी कुठं पैशाचा पाऊस पडत होता? आपल्याकडं तर शिरोली, गोकुळ शिरगावला एवढ्या फाउंड्र्या (धातू वितळवून पार्ट ओतणारे कारखाने) आहेत आणि रिजेक्शनचा, म्हणजे खराब निघालेल्या मालाचा, हिशोब अजून कित्येक ठिकाणी वहीत नाहीतर एक्सेलमध्ये. कम्युनिटीच्या मीटिंगला पिच डेकवाल्यांच्या (गुंतवणूकदारांना स्लाइड दाखवणाऱ्यांच्या) जोडीला फाउंड्रीतला एखादा मेल्टिंग सुपरवायझर बोलवा की, ब्लोहोल (ओतलेल्या पार्टात गॅसमुळं पडणारी भोकं) कुठल्या पाळीत जास्त येतात ते कळत नाही म्हणून तो आधीच वैतागलेला असतोय, त्याचं ऐकलं तरी दोन प्रॉडक्ट सुचतील. फक्त एमआयडीसीच्या सुट्टीच्या वारी ठेवा, नाहीतर कोण फिरकायचं नाही. चहा ज्याचा त्यानं.