मदत हवी आहे: गोधड्या विकायला बसायचा धीर कसा करू?

नमस्कार मंडळी. जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या मी हातानेच शिवते. आजवर बारशाला, लग्नाला भेट म्हणून दिल्या, पैसे कधी घेतले नाहीत. आता दिवाळीआधी कर्वे रस्त्यावरच्या एका प्रदर्शनात मैत्रीण अर्धा स्टॉल देतेय.

किंमत सांगताना माझी जीभच अडखळते हो. कापड-दोऱ्याचा हिशोब सोपा आहे, टाक्यांचे तास धरले की आकडा माझा मलाच भारी वाटतो. त्यात ‘तुळशीबागेत निम्म्यात मिळते’ असं ऐकवणारं कुणीतरी येणारच (पुणं आहे!). तेव्हा काय बोलता? भाव लिहूनच लावू का? भीमथडी जत्रेत बसलेल्या कुणी असाल तर सांगा, गोधड्यांसोबत दुपटी, बटवे असं स्वस्तातलं ठेवलं तर विक्रीला बरं पडतं का?